नाव पॉलिसीवर आहे

हेमलॉक बे, मिशिगन
रविवार, ६ एप्रिल १९८६

रेनो,

तू बोटीवर गेलास त्याला दोन आठवडे झाले, पण तुझ्या बुटांचा वास काही घर सोडत नाही. शेवटी उचलून मागच्या पडवीत टाकले. बर्फ अजून खिडकीच्या चौकटीपर्यंत आहे. कॅरिन रोज सकाळी फावडं घेऊन वाट मोकळी करते आणि आत आली की मजुरी मागते. तुझीच पोरगी.

तुझी कामं बहुतेक उरकली. दर मार्चला निघायच्या आधी तू स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून चार कोऱ्या कागदांच्या तळाशी सह्या करून ठेवतोस ना, त्यातला एक शाळेला गेला, कॅरिनच्या सहलीच्या परवानगीचा. एक तेलाच्या टाकीवाल्याला दिला. दोन उरलेत, ते कॉफीच्या डब्याखालच्या ड्रॉवरमध्ये आहेत. माझ्या मैत्रिणींना हे सांगितलं की त्या हसतात. म्हणतात, नवरा कोऱ्या कागदावर सही करतो आणि तू अजून त्याला विकून कसं टाकलं नाहीस? मी म्हणते, गिऱ्हाईक मिळत नाही.

व्हर्न लाहतीचं पाकीटही दिलं. तू ते चिकटवूनच ठेवलं होतंस, मी तसंच नेऊन हातात दिलं. विम्याची कागदपत्रं घेताना तो एरवी अर्धा तास गप्पा मारतो. या वेळी पाकिटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि "बरं, मार्लीन," एवढंच म्हणाला. म्हणून विचारते. गाडीच्या पॉलिसीवर कॅरिनचं नाव घातलंस ना? फेब्रुवारीत सोळा पूर्ण झाली, लायसन्स हातात आलं, आणि घरात लायसन्स असलेलं जे कुणी आहे त्याचं नाव कळवावं लागतं असं व्हर्नने डिसेंबरपासून दहादा बजावलंय. तू टेबलावर हात आपटून म्हणाला होतास, "मी बघतो." बघितलंस का ते सांग. मला ते नक्की कळायला हवं.

बाकी ठीक. काल पुल्ला भाजली, आपला गोड पाव, तर साखरेच्या जागी मीठ पडलं. कॅरिनने एक घास खाल्ला आणि पाव कुत्र्याला दिला. कुत्र्यानेही खाल्ला नाही.

अक्षराकडे बघू नकोस, टेबलाचा पाय डगमगतोय.

तुझी,
मार्लीन

—

बोट हॅरल्ड स्टॅनिश, डेट्रॉइट नदी
शनिवार, १२ एप्रिल

मार्लीन,

टपालाची होडी आत्ता बाजूला लागली होती. टपालाची बादली दोरीने वर ओढली तर तुझं पत्र सगळ्यात खाली आणि अर्धं भिजलेलं. तरी वाचता आलं, कारण अक्षर केवढं मोठं काढलंयस. ओळी डोंगर चढतायत. टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा घाल, मी जानेवारीत आलो की बघतो.

व्हर्नच्या पाकिटाचं विचारलंस. कॅरिनचं नाव पॉलिसीवर आहे. मी स्वतः लिहिलंय, ठळक अक्षरांत. तेव्हा तो विषय संपला.

पण गाडी तूच चालव. लायसन्स मिळालं म्हणजे गाडी येते असं नाही. शाळेतल्या त्या मास्तरने तिला कोरड्या रस्त्यावर शिकवलंय. एप्रिलमधला आपला रस्ता सकाळी काच असतो आणि दुपारी चिखल. मी आलो की मी शिकवेन. तोवर किल्ली तुझ्या खिशात राहू दे.

इथे मी सहाशे फुटांची बोट वळवतो, पोटात वीस हजार टन लोखंडाची माती, आणि कप्तान मागे उभा राहून सँडविच खातो. त्याला काळजी नाही आणि मलाही नाही. मात्र तुमच्या दोघींची गाडी त्या रस्त्यावर आहे म्हटलं की जेवण उतरत नाही. हसायचं तर हस.

मीठ पडलेली पुल्ला ठेवून दे, इथल्या स्वयंपाक्यापेक्षा बरी असेल.

रेनो

—

हेमलॉक बे
शनिवार, १९ एप्रिल

रेनो,

नाव पॉलिसीवर आहे हे वाचून जिवात जीव आला. हे एवढंच हवं होतं मला.

आता रागावू नकोस. मंगळवारी आम्ही मार्केट शहराला जाऊन आलो, आणि गाडी कॅरिनने चालवली. जाऊन येऊन दोनशे मैल. मला पडद्याचं कापड बघायचं होतं आणि इतक्या लांब गाडी चालवायचा मला कंटाळा आला होता. पोरगी छान चालवते रे. दोन्ही हात सुकाणूवर, मान ताठ, रेडिओ बंद. मागच्या मालट्रकवाल्याने भोंगा वाजवला तर म्हणाली, "वाजव बाबा, तुझा भोंगा आहे." डिट्टो तू. अजून दोन वेळा जावं लागेल, कापड मागवलंय ते आलं की. तेव्हाही तीच नेईल.

तू मास्तरला नावं ठेवतोस, पण तुझी स्वतःची शिकवणी मी बघितलीय. लग्नाच्या वर्षी तू मला गिअर शिकवत होतास तेव्हा तोंडाने तीन वेळा देवाचं नाव घेतलंस आणि सात वेळा दुसऱ्या कुणाचं.

व्हर्नकडून विम्याचं नवं कार्ड आलं. ते गाडीच्या खणात ठेवून दिलं. त्याच्या तळाशी काहीतरी छापलंय, पण अक्षर मुंगीएवढं. विमेवाल्यांना लोकांनी वाचू नये असंच वाटत असणार.

पुठ्ठा घातला पायाखाली. फरक पडला नाही. तू आलास की बघ.

मार्लीन

—

लाहती विमा एजन्सी, हेमलॉक बे
मंगळवार, २२ एप्रिल

पॉलिसीधारक श्री. रेनो कांगस यांस,

आपल्या सहीने आलेल्या विनंतीनुसार आपल्या मोटारीच्या पॉलिसीतून कु. कॅरिन कांगस यांना "वगळलेला चालक" म्हणून नोंदवण्यात आले आहे. कायद्याने द्यावी लागणारी सूचना कार्डाच्या तळाशी छापलेली आहे. वगळलेली व्यक्ती गाडी चालवत असताना अपघात झाला, तर त्या गाडीला, गाडीतल्या कुणालाही आणि समोरच्या कुणालाही या पॉलिसीचे संरक्षण मिळणार नाही. सर्व जबाबदारी गाडीच्या मालकावर राहील.

हे झालं एजंटचं. आता रेनो, व्हर्न म्हणून लिहितो.

गुरुवारी मी सहकारी दुकानासमोर उभा होतो आणि तुझी निळी स्टेशन वॅगन माझ्या नाकासमोरून वळली. चालवत होती कॅरिन. शेजारी मार्लीन बसली होती आणि माझ्याकडे बघून तिने हातसुद्धा हलवला नाही, जणू मी दिसलोच नाही. आपण तिघं एका वर्गात होतो. ती माझ्यावर रागावलीय का मला माहीत नाही, पण तिला हे माहीत असतं तर तिने पोरीला सुकाणूवर बसू दिलं नसतं, एवढं मी तिला ओळखतो.

पाकिटात तू चिठ्ठी ठेवली होतीस की हे आपल्या दोघांत राहू दे, मी मार्लीनला सांगतो. सांगितलंस का? पॉलिसी तुझ्या नावावर आहे, तेव्हा मी तुझ्याआधी तिच्याशी बोलू शकत नाही. पण रोज सकाळी मी रस्त्यावर ती निळी गाडी शोधतो आणि माझी झोप उडालीय. उद्या कुणा पोराच्या अंगावर गाडी गेली तर तुझं घर जाईल, आणि त्या घराचा विमा मीच उतरवून दिलाय.

सांग तिला. लवकर.

व्हर्न

—

टू हार्बर्सचा धक्का
मंगळवार, २९ एप्रिल

मार्लीन,

तुझं पत्र आणि व्हर्नचं पत्र एकाच बादलीतून वर आलं. त्यानंतर चार दिवस पाण्यावर. रेडिओवरून बोलता आलं असतं, पण रेडिओवर बोललं की अर्धं सरोवर कान लावून बसतं, आणि हे सगळ्यांनी ऐकावं असं नाही. आज सकाळी धक्क्याला लागलो तसा उडी मारून फोनच्या खोक्याकडे पळालो. घरी कुणी उचलत नाही. तुझ्या कामावर, शाळेच्या स्वयंपाकघरात केला. तिथली बाई म्हणाली, मार्लीनने आज सुट्टी घेतलीय, आणि कॅरिनही शाळेत नाही. म्हणजे तुम्ही दोघी आत्ता त्या रस्त्यावर आहात. पडद्याच्या कापडासाठी. मी इथे खिशात नाणी घेऊन उभा आहे आणि काही करू शकत नाही.

आता ऐक. मी तुला फसवलंय.

कॅरिनचं नाव पॉलिसीवर आहे असं मी लिहिलं ते खरं आहे. फॉर्मवर एक ओळ असते, "वगळलेल्या चालकाचं नाव". त्या ओळीत मी तिचं नाव लिहिलं. ती गाडी चालवत असेल तर आपल्या गाडीला विमाच नाही. धडक झाली तर समोरच्या माणसाचं, तुझं, तिचं, कुणाचंच काही कुणी भरून देणार नाही. तुला वाटलं नाव घातलं म्हणजे सोय झाली. तसं तुला वाटावं म्हणूनच मी तसं लिहिलं.

पैशासाठी केलं नाही हे. मला वाटलं, कागदावर पक्कं झालं की ती सुकाणूवर बसणार नाही. तू म्हणशील मग मला सरळ का नाही सांगितलंस. तू वाद घातला असतास आणि मी हरलो असतो.

माझा भाऊ आर्वो गाडीच्या अपघातात गेला तेव्हा सतरा वर्षांचा होता. सगळ्यांना वाटतं गाडीत तो एकटा होता, कारण माझ्या बापाने सगळ्यांना तसंच सांगितलं. मी शेजारी बसलो होतो. मीच त्याला शिकवत होतो. मी म्हटलं, "दाब अजून थोडं, घाबरतोस काय." आणि त्याने दाबलं. हे मी तुला वीस वर्षांत सांगितलं नाही. जानेवारीत आलो की शिकवेन असं लिहिलं तेही खोटं. मी तिला कधीच शिकवू शकणार नाही.

हे पत्र मिळालं की किल्ली लपव. कॅरिनच्या हाती गाडी एक फूटही जाता कामा नये. शनिवारी क्लीव्हलँडहून फोन करतो. माझ्याशी नंतर किती दिवस अबोला धरायचा तो धर.

बोट तीनला सुटतेय.

रेनो

—

हेमलॉक बे
रविवार, ४ मे

बाबा,

तुझं पत्र शुक्रवारी आलं. ते मी वाचलं. आईने नाही. आईला तुझी पत्रं मीच वाचून दाखवते, कारण तिला आता वाचता येत नाही. हे तुला कुणी सांगितलं नाही, म्हणून मी सांगते.

तिची साखर डोळ्यांत उतरलीय. उजव्या डोळ्यात आत रक्त आलं, नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सुमाराला. तू जानेवारीत घरी होतास तेव्हाही तिला त्या डोळ्याने दिसत नव्हतं. तू दोन महिने समोर बसून जेवलास आणि तुला कळलं नाही, आणि मलाही मार्चपर्यंत कळलं नाही, म्हणून तुला एकट्याला बोलत नाही. आता डाव्यातही सुरू झालंय. मार्केट शहरातला डॉक्टर त्याच्यावर लेसर मारतो. तीन वेळा मारायचं आहे. दोन झाले. तिसरा या मंगळवारी. त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं की हा चुकवू नका, या डोळ्याला वाट बघायला वेळ नाही. पडद्याचं कापड वगैरे काही नाही. टेबलाचा पाय पण ठीक आहे.

व्हर्नकाकाला तिने हात हलवला नाही कारण तो तिला दिसला नाही.

ती कुणाला सांगू देत नाही. शाळेत कळलं तर सुऱ्या आणि उकळत्या भांड्यांजवळ तिला कोण ठेवेल? मी म्हटलं शेजारच्या इंपीआजीला न्यायला सांगू. आई म्हणाली, इंपी ब्याऐंशीची आहे आणि तिला माझ्याहून कमी दिसतं, फक्त ती ते मान्य करत नाही. दुसऱ्या कुणाला विचारलंस तर मी जाणारच नाही, म्हणाली. आणि ती खरंच जाणार नाही, तुला माहीत आहे ती कशी आहे.

तर शुक्रवारी मी तुझं पत्र टेबलाशी बसून वाचायला लागले. पहिल्या परिच्छेदावर थांबले. आईने विचारलं, "काय म्हणतो?" मी म्हटलं, "टू हार्बर्सला आहे, फोन केला होता, आपण घरी नव्हतो, काळजी करतोय." हे सगळं पत्रात आहे. मग मी म्हटलं, "आर्वोकाकाची आठवण काढलीय." तीही आहे. काल तू क्लीव्हलँडहून फोन केलास तेव्हा विचारलंस, पत्र मिळालं का. मी म्हटलं मिळालं. वाचलं का? वाचलं. आई कुठे आहे? अंघोळीला, सॉनामध्ये. हेही खरं होतं. तू एवढा मोठा श्वास सोडलास की मला फोनमधून ऐकू आला. एकही शब्द मी खोटा बोलले नाही, बाबा. तुझ्याकडूनच शिकले.

पण मला भीती वाटतेय. गेले दोन वेळा मला माहीत नव्हतं म्हणून मी नीट चालवू शकले. आता माहीत आहे. आज दुपारी नुसती अंगणात गाडी सुरू करून बसले, आणि जागची न हलवता बंद केली. कार्डाच्या तळाशी माझं नाव आहे, मी वाचलं. वगळलेली. शाळेत संघ निवडताना शेवटी उरलं की कसं वाटतं, तसं वाटलं.

नेलं आणि काही झालं तर घर जाईल. नाही नेलं तर आईचा डोळा. मंगळवारला दोन दिवस आहेत आणि तू कुठल्या सरोवरात आहेस तेही मला माहीत नाही. हे पत्र टाकू की नको तेही कळत नाहीये.

कॅरिन

—

हेमलॉक बे
बुधवार, ७ मे

बाबा,

रविवारचं पत्र टाकलंच नाही. दोन्ही एकाच पाकिटात घालते. ते आधी वाच, मग हे. उलटं करू नकोस.

सोमवारी शाळेतून आले तर आई झोपली होती. मी कॉफीच्या डब्याखालचा ड्रॉवर उघडला. तू सह्या केलेले दोन कोरे कागद होते. एक घेतला आणि वर लिहिलं: "माझी मुलगी कॅरिन हिला वगळलेल्या चालकांतून काढावे आणि आजपासून पॉलिसीत चालक म्हणून घ्यावे." खाली तुझी सही होतीच. शाळेत याला काय म्हणतात ते मला माहीत आहे. दर मार्चला तू काय म्हणतोस तेही माहीत आहे. नऊ महिने मी पाण्यावर, वर काय लागेल ते लिहा.

चालत गेले. गाडीने जावंसं वाटलं नाही.

व्हर्नकाकाने कागद उजेडात धरला. म्हणाला, "हे अक्षर रेनोचं नाही."

मी म्हटलं, "सही त्याची आहे."

"शाई दोन वेगळ्या आहेत, पोरी. वरची तर अजून ओली आहे."

मग मला रडू आलं आणि मी त्याला सगळं सांगितलं, आईचे डोळे, डॉक्टर, मंगळवार. आईला दिलेला शब्द मी मोडला. तो उठून खिडकीपाशी गेला. म्हणाला, "आणि मी समजत होतो ती माझ्यावर रागावलीय." मी नेतो तुम्हाला म्हणाला. मी म्हटलं, तुम्ही आलात तर आई गाडीतच बसणार नाही. तो म्हणाला, हो, बसणार नाही. आठवीत पाय मोडला होता तेव्हा ती तशीच वर्गात येऊन बसली होती.

मग त्याने कंपनीला फोन लावला. मला आधीच सांगितलं की तुला पत्र टाकणार, आणि तू नाही म्हणालास तर त्याच दिवशी मला परत वगळणार. विमा सोमवारी दुपारी चारपासून लागला. हप्ता बराच वाढलाय, पण शाळेतले माझे गुण चांगले आहेत म्हणून थोडी सूट आहे. दाखला नेऊन द्यायचा आहे. आधीच्या दोन खेपांबद्दल तो म्हणाला, "त्याबद्दल मी काही ऐकलेलं नाही आणि तू काही सांगितलेलं नाहीस." कागद फायलीत लावताना म्हणाला, "तुझ्या बापाला कोऱ्या कागदावर सह्या करू नकोस म्हणून मी पंधरा वर्षं सांगतोय."

काल गेलो. सकाळी साडेसहाला निघालो. पूर्ण वाट मी ताशी पस्तीस मैलांच्या वर गेले नाही. धुकं होतं, आणि बारागा गावाच्या अलीकडे हरणाचं एक जोडपं रस्त्यात उभं होतं. मी थांबले. ती जाईपर्यंत थांबले, आणि नंतर आणखी थोडी थांबले. आईने विचारलं, काय झालं? मी म्हटलं हरणं. ती म्हणाली, किती? मी म्हटलं दोन. ती म्हणाली, "छान. मला पण एक ठिपका दिसला."

लेसर झाला. डॉक्टर म्हणाला डावा टिकेल. वाचण्याइतका येईल, मोठं अक्षर असलं तर, महिन्याभराने. उजवा येणार नाही. आईला ते आधीच माहीत होतं, मला नव्हतं.

परत येताना तिच्या डोळ्यावर पट्टी होती. ती कुठे उतरून जाऊ शकत नव्हती म्हणून मी तेव्हा सगळं सांगितलं. तू काय लिहिलं होतंस ते, मी काय लिहिलं ते, आर्वोकाकाचंही. व्हर्नकाकाला सांगितलं तेही. मग रडली. डॉक्टरने रडू नका सांगितलं होतं. मग म्हणाली, "तिघंही सारखेच खोटारडे, काय घर आहे." मग थोड्या वेळाने म्हणाली, "जरा वेग वाढव, मागे कुणीतरी भोंगा वाजवतंय, ते मला ऐकू येतं."

बाबा, सही तुझी आहे, शब्द माझे आहेत. तुला चालत नसेल तर व्हर्नकाकाला लिही. मी रागावणार नाही. म्हणजे रागावेन, पण लिही.

कॅरिन

—

बोट हॅरल्ड स्टॅनिश, डेट्रॉइट नदी
शनिवार, १० मे

कॅरिन,

तुझं पाकीट आलं. पहिलं पत्र वाचलं आणि दुसरं उघडायला हात होईना. स्वयंपाक्याला दिलं आणि म्हटलं, तू वाच आणि फक्त एवढं सांग, जिवंत आहेत का. तो कांदे सोडून बसला आणि सगळं वाचलं. मी समोर उभा. म्हणाला, "जिवंत आहेत. बस खाली. तुझी पोरगी तुझ्या वरताण आहे." मग मी वाचलं.

मंगळवारी सकाळी सात ते अकरा मी सुकाणूवर होतो. आपला किनारा डाव्या हाताला होता, दहा मैलांवर, धुक्यात. मी कप्तानाला म्हटलं, घरी सगळं ठीक आहे, किल्ली लपवलीय. चार तास मी निवांत होतो. तू हरणांसाठी थांबली होतीस तेव्हा मी बहुतेक शीळ घालत होतो.

मी दोन महिने तिच्यासमोर बसून जेवलो हे तू लिहिलंस. ते बरोबर आहे. अक्षर मोठं झालं आणि मी टेबलाला पुठ्ठा लावायला सांगितलं. त्याची मला लाज वाटते, आणि ती तुझ्याकडे कबूल करतो.

तू थांबलीस. हरणं गेल्यावरही थांबलीस. आर्वो थांबला असता, मी त्याला थांबू दिलं नाही. तुझ्या शेजारी बसून मी तुला काय शिकवणार होतो कुणास ठाऊक. जानेवारीत मी घरी आलो की शेजारी बसेन, पण तोंड मिटून. तू मला मार्केटला घेऊन जा. मला त्या डॉक्टरला भेटायचं आहे.

सोबतचं जाड शाईचं पान आईचं आहे. तिला ते वाचून दाखवू नकोस. महिना लागला तरी चालेल, तिचं तिला वाचू दे. एका पानावर पाचच शब्द मावले: मार्लीन, उजव्या बाजूला मी बसेन.

व्हर्नला आजच पत्र टाकलं. त्याला लिहिलंय की सोमवारच्या त्या कागदावर नुसती सहीच नाही, वरचे शब्दही माझेच आहेत, आणि शाईचं त्याने मनावर घेऊ नये.

ड्रॉवरमध्ये एकच उरला असेल, म्हणून आणखी तीन कोरे कागद पाठवतोय. सह्या केल्यात. वरचं तू लिही.

तुझा,
बाबा